विश्लेषण : प्राध्यापक परदेशी जातात, मग कक्ष अधिकारी का नाही?

नवी मुंबईत संकुल उभारण्यासाठी जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. राज्यातील विद्यापीठेही परदेशी संस्थांशी सामंजस्य करार करत आहेत. करारावर कुलगुरूंची स्वाक्षरी होते, छायाचित्र निघते. पुढे विद्यार्थ्याची पात्रता तपासणे, श्रेयांक जुळवणे, ट्रान्सक्रिप्ट वेळेत पाठवणे ही कामे शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या टेबलावर येतात. त्यांनी हे काम शिकायचे कोठे? युरोपने या प्रश्नाचे एक उत्तर जवळपास दोन दशकांपूर्वी शोधले. त्याविषयी...

ही देवाणघेवाण म्हणजे नेमके काय?

युरोपातील ‘इरॅस्मस’ योजना १९८७ मध्ये सुरू झाली, ती विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशातील विद्यापीठात एखादे सत्र शिकता यावे म्हणून. विद्यार्थ्यांची ये-जा वाढली तशी कागदपत्रांची गुंतागुंतही वाढली. २००७ पासून विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षणासाठी दुसऱ्या देशात पाठवण्याची सोय या योजनेत झाली. आता तिचे नाव ‘इरॅस्मस प्लस’ आहे आणि २०२१ ते २०२७ या काळासाठी तिच्याकडे सुमारे २,६०० कोटी युरोंचा निधी आहे. कर्मचाऱ्यांची देवाणघेवाण हा त्यातील केवळ एक भाग.

युरोपातल्या युरोपात हा मुक्काम दोन दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंतचा असू शकतो. भारतासारख्या देशांशी देवाणघेवाण असेल तर किमान पाच दिवस. प्राध्यापक शिकवण्यासाठी गेला तर त्याला आठवड्याला किमान आठ तास शिकवावे लागते. प्रशासकीय कर्मचाऱ्याला ही अट नाही. मात्र तो काय शिकणार आणि त्याचा त्याच्या विद्यापीठाला काय उपयोग, हे आधी लिहून द्यावे लागते. त्या कागदावर कर्मचारी, त्याला पाठवणारी संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांच्या स्वाक्षऱ्या असतात. प्रवास आणि रोजच्या खर्चासाठी अनुदान मिळते.

पाच दिवसांत शिकतात काय?

प्रशिक्षणाचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. ‘स्टाफ वीक’मध्ये यजमान विद्यापीठ निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांना सोमवार ते शुक्रवार एकत्र बोलावते. दुसरा प्रकार ‘जॉब शॅडोइंग’चा. यात व्याख्यान नसते. परीक्षा विभागातला माणूस दुसऱ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आठवडाभर शेजारी बसतो आणि काम कसे चालते ते पाहतो. दोहोंत शिकवणारा तज्ज्ञ नसून त्याच पदावरचा समव्यवसायी असतो.

याचा उपयोग काय, हे श्रेयांकांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. युरोपच्या ‘ईसीटीएस’ पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरला जातो. भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० श्रेयांक आणि एकूण १,२०० तास, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. पुण्याची एखादी विद्यार्थिनी जर्मनीत एक सत्र शिकून ३० श्रेयांक घेऊन परत आली, तर तिच्या खात्यात किती जमा करायचे? सत्राला सत्र धरले तर २०. तास मोजले तर २५ ते ३०. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. कोणता लावायचा हे विद्यार्थिनी जाण्यापूर्वीच ठरलेले नसेल, तर ती परतल्यावर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते आणि तिचे वर्ष टांगणीला लागते. ईसीटीएसचे नियम कोणालाही घरबसल्या वाचता येतात. विषय ऐनवेळी बदलला तर कोणाला कळवायचे, प्राध्यापकाने गुण पाठवले नाहीत तर पाठपुरावा कोणी करायचा, संबंधित कर्मचारी रजेवर असेल तर स्वाक्षरी कोणाची, या गोष्टी मात्र नियमावलीत क्वचितच सापडतात.

मुदतीचेही तसेच. मूल्यमापन संपल्यावर साधारण पाच आठवड्यांच्या आत विद्यार्थ्याची ट्रान्सक्रिप्ट द्यावी, असा इरॅस्मस करारांतील संकेत आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक विद्यापीठ कायदा याहून ढिला नाही. त्याच्या कलम ८९ नुसार निकाल शक्यतो ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लागायला हवेत. कागदावर दोन्हीकडच्या मुदती जवळपास सारख्याच. त्या पाळल्या जातात की नाही, हे रोजच्या कामाच्या घडीवर अवलंबून असते आणि ती घडी पाहण्यासाठीच तिकडे जाऊन बसायचे.

युरोपात सारे सुरळीत आहे, असे मात्र समजू नये. विद्यापीठांच्या संगणक प्रणाली परस्परांशी जोडून कागदच काढून टाकण्याचा ‘इरॅस्मस विदाउट पेपर’ हा प्रकल्प आखलेल्या वेळापत्रकाच्या मागे पडला. अशा वेळी पलीकडच्या विद्यापीठात नावाने ओळखणारा, फोन उचलणारा माणूस असणे हेच मोठे भांडवल ठरते.

भारताला याची गरज आताच का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय कामकाजासाठी स्वतंत्र कार्यालय उभारावे, असे सुचवले. त्याच वर्षी श्रेयांक बँक आली. २०२२ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्राने तर २०१६ च्या कायद्यातच राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी वेगळ्या मंडळाची तरतूद केली आहे. पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. सिम्बायोसिसची स्थापनाच १९७१ मध्ये त्यांच्यासाठी झाली. पण बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश देणे वेगळे आणि दोन विद्यापीठांनी मिळून एक पदवी देणे वेगळे. दुसऱ्या कामात दोन्हीकडची परीक्षा, शुल्क, श्रेयांक आणि पदवीपत्र एकमेकांत गुंतलेली असतात.

यंत्रणा बदलायची आणि ती चालवणाऱ्यांची तयारी करून घ्यायची नाही, याची किंमत राज्याने एकदा मोजली आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे ऑनस्क्रीन मूल्यांकन एकाच वेळी सर्व शाखांना लागू केले. निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या गोंधळाला इतरही कारणे होती, पण तयारीचा अभाव हे त्यातील ठळक कारण.

भारतातून कोण जाते?

मुख्यतः प्राध्यापक. ‘ज्ञान’ योजनेत परदेशी अध्यापक येथे येतात, ‘स्पार्क’ संशोधकांसाठी आहे. आठवडाभराचे परदेशी प्रशिक्षण असलेला ‘लीप’ हा कार्यक्रमही नेतृत्वाच्या पदांवर जाऊ शकणाऱ्या अध्यापकांसाठी आखला गेला. मालवीय मिशनची १११ केंद्रे मुळात शिक्षक प्रशिक्षणासाठीच आहेत. प्रशासकांसाठी फुलब्राइट-नेहरू योजनेत अमेरिकेतील सुमारे दोन आठवड्यांचा परिसंवाद असतो, पण त्याच्या जागा मोजक्या आणि रोख वरिष्ठांवर.

इरॅस्मसचे दार भारताला खुले आहे, पण त्याची कडी आतून आहे. भारतीय विद्यापीठ थेट अर्ज करू शकत नाही. युरोपातील भागीदार विद्यापीठाने अर्ज करावा लागतो आणि प्रत्यक्ष देवाणघेवाणीपूर्वी दोघांत करार व्हावा लागतो. मात्र, आपल्याकडून कोणाचे नाव पुढे करायचे हे आपल्याच हातात असते. तेथे सहायक कुलसचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याचे नाव सुचवायला कोणीही मनाई केलेली नाही. अडचण वेगळीच आहे. तो गेला तर त्याचे टेबल कोण सांभाळणार? फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांच्या मागण्यांमध्ये वेतन आयोगाच्या प्रश्नांबरोबर रिक्त पदांचा विषयही होता.

हा केवळ ‘अभ्यासदौरा’ ठरतो का?

महाराष्ट्रात हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येते, आणि ते अकारण नाही. पाच दिवसांपैकी एक दिवस शहरदर्शनात जातो, अशी टीका युरोपातही होते. शिवाय व्यवहार इंग्रजीत चालतो. म्हणून इंग्रजी चांगले असलेलाच वारंवार जातो आणि ज्याच्या हातून रोज फाइल जाते तो मागे राहतो. गेलेला माणूस परतल्यावर लगेच दुसऱ्या विभागात बदलून गेला, तर शिकलेले तेथेच संपते. यावर उपाय साधे आहेत. निवड पदावरून नव्हे तर कामावरून व्हावी, परतल्यावर एखादी प्रक्रिया बदलून दाखवण्याची जबाबदारी द्यावी आणि ठरावीक काळ बदली करू नये. विद्यापीठाला एवढेही जमणार नसेल, तर तिकिटाचे पैसे वाचवलेले बरे.

हा निधी राजकारणावरही अवलंबून असतो. ब्रेग्झिटनंतर ब्रिटन इरॅस्मसमधून बाहेर पडला. त्याने २०२१ मध्ये आणलेल्या ‘ट्युरिंग’ योजनेत विद्यार्थ्यांची सोय होती, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी निधी नव्हता. २०२७ पासून पुन्हा इरॅस्मसमध्ये सहभागी होण्याचा निर्णय त्या देशाने आता जाहीर केला आहे.

शिकायचे युरोपकडूनच का?

समव्यवसायींकडून शिकायचे तर प्रश्न सारखे हवेत. युरोपातील बहुतेक विद्यापीठांना शेकडो संलग्न महाविद्यालयांची परीक्षा घ्यावी लागत नाही. आपल्या परीक्षा विभागाचा अर्धा ताण तेथूनच येतो. त्या दृष्टीने अधिक जवळचा सोबती बांगलादेशात आहे. १९९२ मध्ये गाझीपूरला स्थापन झालेल्या राष्ट्रीय विद्यापीठाशी दोन हजारांहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. नेपाळचे त्रिभुवन विद्यापीठही संलग्नतेच्याच ओझ्याखाली चालते. ढाक्याशी सध्याचे संबंध पाहता ही वाट तूर्त सोपी नाही, हे खरे. पण श्रेयांकांसाठी युरोप आणि संलग्नतेसाठी शेजारी, अशी विभागणी तरी मनात स्पष्ट असायला हवी.

त्याहून जवळची वाट राज्यातच आहे. कोल्हापूरच्या पात्रता विभागातील कर्मचाऱ्याने आठवडाभर नांदेडच्या पात्रता विभागात बसावे, यासाठी ना पारपत्र लागते ना युरोपचा निधी. दोन्हीकडे २०१६ चाच कायदा लागू आहे.