६० चं पाकीट, ६० चं कुरिअर. मग कमवायचं काय?

समजा तुम्ही अकोल्याहून १०० ग्रॅम येसर ६० रुपयांना विकता. माल ४० चा, खोकं १० चं, पुण्याचं कुरिअर ६० चं. म्हणजे दर ऑर्डरमागे ५० चा खड्डा! ऑर्डरी वाढल्या की खड्डाही वाढतो.

माझं मत स्पष्ट आहे: सुटं पाकीट ऑनलाइन विकूच नका. बऱ्याच कुरिअरवाल्यांचा पहिला टप्पा ५०० ग्रॅमचा असतो. तेवढ्याच भाड्यात चार पाकिटं पाठवा, घरपोच २७९ रुपये. माल १६०, खोकं १०, कुरिअर ६०; उरले ४९. खोकं लहान घ्या, आकारावरही भाडं लागतं. पैसे आधीच घ्या. कॅश ऑन डिलिव्हरीचं एक पार्सल परत आलं, की दुसऱ्या ऑर्डरचा नफाही गेला.

ऑर्डरी नका मोजू, हातात उरलेला रुपया मोजा!