चार आण्यांचे माहेर

मराठीत ‘सोडणे’ हे क्रियापद मोठे भोळे दिसते. उपास सोडावा, राग सोडावा, गाठ सोडावी. सोडण्यात बहुधा सुटकाच असते. पण सरकारी कागदांत ‘हक्कसोडपत्र’ नावाचा एक शब्द आहे. समास शिकवताना मी तो फळ्यावर लिहितो. विग्रह सोपा आहे, मुले झटकन उतरवून घेतात. एखादी मुलगी मात्र लिहायची थांबते आणि फळ्याकडे बघत राहते. तिच्या घरी तो कागद नुकताच येऊन गेलेला असतो.

या सदरात एरवी आपण शब्दांच्याच गप्पा करतो. दिवाळीचा अंक आहे, जागा थोडी सैल आहे, म्हणून यंदा या एका शब्दाशी जन्मभर भांडलेल्या बाईची हकीगत सांगतो. ही बाई माझी आजी. आम्ही सारे तिला माई म्हणत असू.

माईचे माहेर रोहे आणि सासर पेण. मध्ये अंतर पंचवीस मैलांचे. जिल्हा तेव्हा कुलाबा. त्याचे ‘रायगड’ झाले १९८१ साली, पण माई शेवटपर्यंत कुलाबाच म्हणे. १९२५ साली ती जन्मली, १९४२ साली लग्न होऊन पेणला आली आणि २०२२ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी, गेली. शिक्षण मराठी चौथी. त्या चौथीच्या बळावर घरात येणारा प्रत्येक कागद ती वाची. किराण्याची पुडीसुद्धा सोडून सरळ करून वाचल्याशिवाय टाकीत नसे.

पेणच्या घरात तेव्हा सोळा माणसे जेवायला. आम्हांला आठवते ती माई म्हणजे पाटावर बसून पोह्याच्या पापडाच्या लाट्या तोडणारी, वालाचे बिरडे सोलणारी, आणि आषाढ लागला की शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात डोकावून “यंदा सोंड बरी वळली हो” असा शेरा मारणारी. सासरच्या कशाला तिने नावे ठेवली नाहीत, एक नदी सोडून. रोह्याची कुंडलिका भर वैशाखातही वाहती असते. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारे पाणी १९२७ पासून तिला मिळत आले आहे. “तुमची भोगावती चैत्रातच दगड दाखवते,” असे माई म्हणे. आजोबा त्यावर काही बोलत नसत.

भाऊबीजेला तिचे थोरले बंधू, म्हणजे आमचे मामाआजोबा, भिसे खिंड ओलांडून, नागोठणे, वडखळ करीत एस. टी. ने पेणला येत. १९६२ साली ते आले तेव्हा पणजोबांना जाऊन सहा महिने झाले होते. माईने ओवाळले. मामाआजोबांनी ताटात लुगडे ठेवले आणि लुगड्यावर एक घडी केलेला कागद ठेवला.

“काय आहे दादा?”

“काही नाही गं. तलाठी वारसांची नोंद करायची म्हणतो. तुझी नुसती सही हवी.”

माईने निरांजन खाली ठेवले आणि तिथेच बसून कागद वाचला. सगळा वाचला, वेळ लावून वाचला. मग घडी होती तशी घालून तो दादांच्या हातात दिला आणि म्हणाली, “दादा, ओवाळणी ताटात टाकतात. ताटातून उचलून नेत नाहीत.”

हे ऐकायला आज झोकदार वाटते. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही, असे माझे वडील सांगत.

आता थोडा हिशेब सांगायला हवा. हिंदू वारसा कायदा जून १९५६ मध्ये अमलात आला आणि वडिलांच्या वाट्यात मुलीलाही जागा मिळाली. मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडावे लागले. पणजोबांची बहुतेक जमीन १९५७ साली कुळकायद्याने कसणाऱ्यांकडे गेली होती. “कसतो त्याची गेली, त्यात रडायचे काय?” हे माईचे मत. उरले होते राहते घर, परसू आणि दोन भातखाचरे. वडिलोपार्जित म्हणून आठ आणे दादांचे मुळातलेच. पणजोबांच्या आठ आण्यांत दोघे भावंडे निम्मेनिम. म्हणजे माईचे चार आणे. नाणी दशमान होऊन पाच वर्षे झाली होती, पण वाटे अजून आण्यांतच बोलले जात.

या चार आण्यांची गंमत अशी, की घरात तिचा वाटा होता, पण भाऊ राहत असलेल्या घराची वाटणी तिला मागता येत नव्हती. आणि तिथे राहायचा हक्क कायद्याने दिला होता तो अविवाहित, टाकलेल्या, विभक्त किंवा विधवा मुलीला. नवऱ्याच्या घरी सुखाने नांदणाऱ्या मुलीला तो नव्हता. कायदे करणारांनी विचार केला नव्हता असे नाही; फार बेताने केला होता. ते कलम २००५ साली गेले.

माईला पैसा नको होता. तिने कधी एक पायली भात मागितले नाही. आजोबा चिडून म्हणाले, “चार आण्यांसाठी माहेर सोडलेस.” ती म्हणाली, “मी कुठे सोडले? सोडा म्हणत होते, ते मी ऐकले नाही.”

भाऊबीज मात्र बंद पडली. बंद म्हणजे दादांची. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. द्वितीयेची ती बारीक कोर खारेपाटावर घटकाभर दिसते न दिसते तोच मावळते. भाऊ पंचवीस मैलांवर धडधाकट असताना माई बावीस वर्षे अंगणात उभी राहून त्या कोरीला ओवाळीत होती. शेजारणी हळहळत, आणि दोष माईलाच देत. १९८४ साली दादा गेले. दहाव्याला ती रोह्याला गेली, ओटीवर बसली, पाणी पिऊन परत आली. त्या घरात तिच्याशी कोणी बोलले नाही. या हकीगतीत माईचीच बाजू खरी होती असे मी मानतो. पण ती खरी ठरली म्हणून तिचे बावीस वर्षांचे भाऊ परत आले, असे झाले नाही.

पुढे तीन वर्षांनी दादांचा थोरला मुलगा अचानक गेला. मागे बायको आणि दोन लहान मुली. धाकट्याने घर विकायचे ठरवले आणि वहिनीपुढे कागद ठेवला. तोच कागद, नाव तेवढे बदललेले. विकायला माईचीही सही लागणार, हे कोणाच्या तरी लक्षात आले आणि पेणला पत्र आले.

रोह्यापर्यंत रेल्वे नुकतीच, १९८६ साली, पोचली होती. माई पहिल्यांदाच त्या गाडीत बसली. सोबतीला मी, वय वर्षे आठ. मला आठवते ती तिची डब्यातली बैठक: पिशवी मांडीवर, आणि खिडकीबाहेर पाहायचे नाही असा निश्चय. घरी पोचल्यावर ती पुढच्या दाराने गेली नाही. परसातून सरळ स्वयंपाकघरात शिरली. भाचेसून चुलीपाशी होती. माईने विचारले, “सही केलीस?”

“उद्या करायची आहे, आत्या.”

“वाचलास का कागद?”

तिने मान हलवली. तेव्हा माईने तिला तिथेच पाटावर बसवून तो वाचायला लावला, मोठ्याने. धाकटा भाचा दारात उभा राहून ऐकत होता. मध्येच तो म्हणाला, “आत्या, तुम्ही पुन्हा घर मोडायला आलात.” माईने उत्तर दिले नाही, भाचेसुनेला “पुढे वाच” एवढेच म्हणाली.

सही झाली नाही. वर्षभराने माईने आपले चार आणे बक्षीसपत्राने भाचेसुनेच्या नावे केले. तिचा स्वतःचा वाटा आणि हे चार आणे मिळून पारडे एवढे जड झाले, की धाकट्याने खाचरे घेऊन घर वहिनीला सोडले. त्या दोन मुली त्या घरात वाढल्या. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी गावातून फिरते, तेव्हा त्या दारात आरती घेऊन उभ्या असत, आणि माईला त्याचे सविस्तर पत्र येई.

आजोबा गेल्यावर माझ्या तिन्ही आत्या आपण होऊन हक्कसोड करायला निघाल्या होत्या. माईने त्यांना गप्प बसवले. माझे वडील थोडे दुखावले; मुलगा म्हणून ते स्वाभाविकच होते. परिणाम असा, की पेणच्या घराला आज इतकी नावे आहेत, की कौले उतरवून पत्रा घालायचा तर ठाणे, नाशिक आणि बडोदे येथून होकार आणावा लागतो. तीन पावसाळे माजघर गळते आहे. धाकट्या आत्याला पत्रा नको, मंगलोरी कौलेच हवीत. मधलीला खर्च नको. यंदा भाऊबीजेला तिघीही पेणला येणार आहेत. पाण्याचे तपेले कुठे ठेवायचे ते मी आईला सांगून ठेवले आहे.