वॉटरप्रूफ जॅकेट आणि आतला पाऊस

मे महिना संपत आला की आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एक चर्चा हमखास सुरू होते. कोणीतरी मोबाईल पुढे करतो, "हे बघ, २०,००० मिलिमीटर वॉटरप्रूफ, सेलमध्ये आहे, घेऊ का?" मग दुसरा त्याहून मोठा आकडा शोधून काढतो. लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि रॅम ताडून बघावेत तसंच सगळं चालतं. मला ट्रेकिंगमधलं बरंच कळतं असा समज टीममध्ये पसरलेला असल्यामुळे शेवटी प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर दरवर्षी तेच असतं आणि ते ऐकून दरवर्षी कोणीतरी खट्टू होतं. म्हटलं, या शनिवारी एकदाचं लिहूनच टाकावं.

तर मंडळी, माझं मत असं. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकसाठी महागडं हार्ड शेल जॅकेट घेऊ नका. हिमालयात जाणार असाल तर मात्र चांगलं घ्या, आणि घेताना तो मिलिमीटरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

हा आकडा म्हणजे काय? कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि किती उंचीच्या स्तंभाइतक्या दाबाला पाणी आत येतं ते मोजतात. २०,००० मिलिमीटर म्हणजे तब्बल २० मीटर. नुसता पाऊस इतका दाब कधीच देत नाही. सॅकच्या पट्ट्यांखाली किंवा ओल्या दगडावर बसल्यावर दाब वाढतो, म्हणून अगदीच कमी आकडा नको. पण दहा हजारांच्या पुढची चढाओढ आपल्यासारख्या ट्रेकरसाठी मुख्यतः कागदावरचीच.

खरी भानगड आतल्या पाण्याची आहे. पाठीवर सॅक घेऊन चढताना तासाला एक लिटरपर्यंत घाम सहज निघू शकतो. तो जाणार कुठे? १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला, आणि १९७६ पासून त्याची जॅकेटं बाजारात आली. पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते, अशी ती युक्ती. पण वाफ काही आपल्या इच्छेने बाहेर जात नाही. बाहेरच्या हवेत वाफेचा दाब कमी असेल तरच ती तिकडे सरकते.

इथे थोडं गणित. जॅकेटच्या आत ३० अंशांची ओलीगच्च हवा धरली तर तिच्यातल्या वाफेचा दाब साधारण ४.२ किलोपास्कल. जुलैमध्ये राजगडाच्या वाटेवर बाहेर २४ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर तिथला दाब २.८. फरक जेमतेम १.४. हिमालयात बाहेर ५ अंश असतील तर भर पावसातही बाहेरचा दाब ०.९ च्या आतच. म्हणजे फरक ३.३ च्या वर, दुपटीहून जास्त! जॅकेट तेच, कापड तेच, फक्त डोंगर बदलला. लेबलवरचा 'ब्रीदेबल' आकडा लॅबमधल्या सोयीच्या हवेत मोजलेला असतो. बेंचमार्क आणि प्रॉडक्शनमधला लोड यातला फरक आपल्याला कोणी समजावून सांगायला हवा का? :-)

त्यात आणखी एक गोष्ट. पडद्याच्या बाहेरच्या कापडावर पाणी ओघळून जावं म्हणून एक लेप दिलेला असतो. घाम, तेल, चिखल आणि सॅकच्या घासण्याने तो दमतो. मग बाहेरचं कापड पाणी पिऊन बसतं, वाफेची वाट बंद होते आणि आत घामाचं पाणी साचतं. लोक म्हणतात जॅकेट गळतंय. बहुतेक वेळा ते गळत नसतं, आपणच आत पाऊस पाडत असतो.

मावळात आणि कोकणात भातलावणीला बायामाणसं इरलं घ्यायची. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, डोकं आणि पाठ झाकलेली, पुढून सगळं मोकळं. आपल्या उबदार पावसाचं मर्म त्यात अचूक पकडलंय: वरून झाका, बाजूने हवा खेळू द्या. आजच्या भाषेत सांगायचं तर चार-पाचशे रुपयांचा पाँचो, पटकन वाळणारा टी-शर्ट आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधलेले कोरडे कपडे. कळसूबाईच्या माथ्यावर वारा झोंबतो, त्यासाठी एक हलकं विंडचीटर. कड्याच्या अरुंद वाटेवर मात्र पाँचो काढून ठेवा, फडफडून पायात येतो.

हिमालयात गोष्ट वेगळी. तिथे भिजणं म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. तापमान शून्याच्या वर असतानाही ओले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की माणूस हायपोथर्मियात जाऊ शकतो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातून आलेल्या गटातले ९ जण खराब हवामानात सापडून गेले. जॅकेटने ते वाचले असते असा दावा मी करणार नाही, तो करायचा हक्कही मला नाही. पण तिथलं हवामान काय करू शकतं हे दुकानात उभं असताना आठवावं, एवढंच.

मग बघायचं काय? काखेतल्या चेन आधी. कोणत्याही पडद्यापेक्षा उघडी चेन जास्त घाम बाहेर काढते. मग टोपी: मान वळवली की सोबत वळते का, पुढे कडक झापड आहे का. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. खिसे सॅकच्या कमरपट्ट्याच्या वर हवेत. दुकानात जाताना फ्लीस घालून जा, त्यावरून जॅकेट चढवा, दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडली तर साईझ चुकली. जमलं तर थ्री लेअर घ्या, टिकतं जास्त. वर्षातून एकच ट्रेक करणार असाल तर भाड्याने घ्या, पण निघण्याआधी नळाखाली धरून बघा.

नवीन जॅकेटबद्दल एक सूचना. पूर्वीचे लेप फ्लोरिनच्या रसायनांचे असत. ती निसर्गात विघटन न होता साठत राहतात, त्यामुळे बऱ्याच कंपन्या ती सोडत आहेत, कॅलिफोर्नियाने २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांवर बंदीही घातली आहे. हे चांगलंच झालं. पण नवे लेप तेलकटपणापुढे लवकर हार मानतात. म्हणून जॅकेट धुवा! साध्या पावडरने नाही, त्यासाठीच्या लिक्विडने, आणि लेबलवर परवानगी असेल तर हलकी उष्णता द्या. लेप पुन्हा जागा होतो. 'महागाचं आहे, धुवायचं नाही' हे पैठणीला ठीक आहे.

आणि कृपा करून तीस हजारांच्या जॅकेटखाली कॉलेज फेस्टचा कॉटन टी-शर्ट घालू नका. कॉटन घाम धरून ठेवतं, मग वरचा पडदा काय करणार बिचारा? पैसे कमी असतील तर आधी आतला थर आणि फ्लीस चांगलं घ्या, उरले तर जॅकेटला.

असो. या सोमवारी कँटीनमध्ये पुन्हा कोणी आकडा दाखवला, तर मी एवढंच विचारणार आहे: डोंगर कुठला?