पहिला अर्धा तास गॅस बंद

या शनिवारचा विषय शार्क्युटरी बोर्ड. (उच्चार 'शार्क्युटरी'. 'चारकुटेरी' म्हटलंत तरी चालेल, पदार्थ काही रागावत नाहीत.) ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडाची एक मोठी फळी, तिच्यावर खारवलेल्या मांसाच्या चकत्या, दोन-तीन प्रकारचं चीज, सुका मेवा, द्राक्षं, ऑलिव्ह, बिस्किटं वगैरे नीट रचलेलं. फळी मध्ये ठेवायची आणि पाहुण्यांनी आपापलं उचलून खायचं. पुण्यात आमच्या वयाच्या लोकांकडे गृहप्रवेशाला, वाढदिवसाला हल्ली हे सर्रास दिसतं. आयती सजवलेली फळी घरपोचसुद्धा मिळते.

यावर आपल्याकडे दोन मतं आहेत. एक, वा, काय सुंदर, थांबा फोटो काढू. दोन, ही नसती थेरं, पाहुण्यांना गार काय खायला घालता! माझं मत तिसरं आहे. फळीची पद्धत घेण्यासारखी आहे, फळीवरचं सामान घेण्याची काही गरज नाही. आणि पद्धत घ्यायची ती फोटोसाठी नाही. घरातल्या बाईला पाहुण्यांबरोबर बसता यावं म्हणून घ्यायची.

माझं माहेर सांगली, सासर सातारा आणि नोकरी पुण्यात. म्हणजे महिन्यातला एखादा तरी वीकेंड हायवेवर जातो, आणि दोन्ही घरी पाहुणे आले की काय होतं ते मला आतून-बाहेरून माहीत आहे. सांगलीच्या घरी पाहुणे आले की आई दारात हसून 'या या' म्हणते आणि पाचव्या मिनिटाला आत जाते. कांदा चिरणं, पोहे भिजवणं, चहाचं आधण. पाहुणे म्हणतात, "वहिनी, बसा की हो." आई आतून म्हणते, "आले, आले." मग पोहे झाले की भजी, भजी झाली की परत चहा. मी म्हणते, "आई, तू बस ना गं थोडा वेळ." तर म्हणते, "अगं, तेल तापलंय." आई शेवटी येऊन बसते तेव्हा पाहुणे चपला शोधत असतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर गरम भजी ही रिअल टाइम सिस्टिम आहे आणि सर्व्हर एकच. दहा जणांच्या रिक्वेस्ट येताहेत, सगळ्यांना ताजं हवंय, आणि प्रत्येक घाण्याला तो एकच सर्व्हर अडकून पडलाय. ऑफिसात असं डिझाइन कुणी मांडलं तर पहिल्याच मीटिंगमध्ये परत पाठवू. घरात मात्र त्याला आपण आदरातिथ्य म्हणतो. :-)

गंमत बाजूला ठेवू. बाहेरच्या खोलीत त्या तासाभरात काय चाललेलं असतं? कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाच्या ऑपरेशनचा खर्च, शेताची वाटणी कधी करायची. आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी अशा प्लेटा हातात घेऊन ठरल्या, आणि त्या ठरत असताना आई आत तळत होती. तिला नंतर कळवलं जायचं. तिचं मत विचारायला नको असं कुणाच्या मनात नव्हतं, ती फक्त खोलीत नव्हती.

आता 'गार खायला घालता' या आक्षेपाकडे येऊ. गरम वाढणं म्हणजे मान देणं, हे आपल्याकडे खोलवर रुजलंय आणि त्यात खोटं काही नाही. पण वर्षातले चार-पाच दिवस आपण स्वतःच हा नियम गुंडाळून ठेवतो. दिवाळीत! चिवडा, चकली, शेव, करंजी, लाडू, शंकरपाळी, सगळं आधी केलेलं, डब्यात साठवलेलं, गोड-तिखट एकाच ताटात. फराळाचं ताट समोर आल्यावर 'हे गार आहे' असं म्हणणारा पाहुणा मी तरी पाहिलेला नाही. उलट दोन तास लोक बसतात. म्हणजे शार्क्युटरी बोर्ड आपल्याकडे कधीपासूनच आहे, फक्त वर्षातून एकदा निघतो.

तसं पाहिलं तर फ्रेंच लोकांनीही हे थाटासाठी सुरू केलं नव्हतं. मांस आणि शिजवलेलं अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून तो शब्द झाला, आणि पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये असं शिजवलेलं, खारवलेलं डुकराचं मांस विकणाऱ्यांचा वेगळा धंदा होता. फ्रीज नव्हते. हिवाळ्याच्या तोंडाला डुक्कर मारायचं आणि मीठ लावून, धुरी देऊन वर्षभर पुरवायचं. मीठ पदार्थातलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी नसेल तर जंतू वाढत नाहीत. साखरेचा पाक तेच काम करतो, ऊनही तेच करतं. या हिशेबाने खारवलेलं मांस, आपलं लोणचं आणि तासगावचा बेदाणा ही एकाच घराण्यातली मंडळी. म्हणून त्या फळीची नक्कल करायची तर आयात केलेल्या डब्यांची कशाला? आपल्याकडे जे टिकवून ठेवलंय ते मांडायचं, बस्स.

आणि त्या बाबतीत सातारा-सांगली हे नशीबवान जिल्हे आहेत. आमची फळी कशी असते ते सांगते. आठ माणसं आणि सोबत चहा, असा हिशेब आहे.

बेदाणा, पाव किलो. हिरवा आणि काळा दोन्ही घ्यायचे, रंगाला आणि चवीलाही बरे. चार किलोच्या आसपास द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्याने सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि पाणी लवकर निघून जातं. मग शेडमध्ये जाळ्यांवर साधारण दोन आठवडे. उन्हात टाकला तर तपकिरी पडतो, सावलीत वाळला तर हिरवा राहतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो आपण खिरीत चार दाणे टाकण्यापुरताच ठेवलाय, हा त्याच्यावर अन्याय आहे.

चक्का, हा चीजच्या जागी. म्हशीच्या दुधाचं एक लिटर दही फडक्यात बांधून चार-पाच तास टांगायचं. त्यात मीठ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि वरून थोडं तेल. श्रीखंडाच्या पलीकडे चक्क्याचं काही होऊ शकतं यावर सुरुवातीला कुणाचा विश्वास बसत नाही. वाटी रिकामी झाली की बसतो.

बिस्किटांच्या जागी कडक भाकरी. ज्वारीची, हाताने मोडून. जत, सोलापूरकडची कुणी ओळखीची असेल तर तिच्याकडून मागवा. चक्क्याबरोबर हिच्यासमोर कुठलंही क्रॅकर टिकत नाही.

ओल्या हळदीचं लोणचं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालं. पूर्वी सांगलीजवळ हरिपूरला ही हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. 2005 च्या महापुराने त्या पेवांचं फार नुकसान केलं. हिवाळ्यात ओली हळद बाजारात आली की लोणचं घालून ठेवायचं. फळीवर त्या एका वाटीने अख्खा रंग बदलतो.

भडंग हे सांगलीचं असल्यामुळे त्याबद्दल मी निःपक्षपाती नाही. साताऱ्याचे कंदी पेढे अर्धे करून ठेवायचे, कारण अख्खा पेढा उचलायला लोक संकोचतात आणि अर्धे मात्र चार खातात. सोबत आलेपाक, गुळाचे खडे, भाजलेले शेंगदाणे. डिसेंबर ते मार्चमध्ये असाल तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी (हिला 2010 सालीच मानांकन मिळालंय). ती ऐनवेळी धुवायची, आधी धुतली की मऊ पडते.

मांडण्याचे नियम दोनच. पहिला, ओलं आणि कोरडं एकमेकांना लागू द्यायचं नाही, चक्का-लोणचं वाटीत आणि भडंग अगदी शेवटी, नाहीतर सादळतं. दुसरा, फळी नसेल तर मोठा पोळपाट घ्या, परात घ्या. पितळी परातीला कल्हई नसेल तर आंबट थेट तिच्यावर ठेवू नका. बाकी सजावटीचं टेन्शन घेऊ नये. पाहुणे आर्किटेक्ट असले तरी खायलाच आलेले असतात.

'अहो, पण शार्क्युटरी म्हणजे मांस ना? ते कुठाय?' हा प्रश्न येणारच. खाणारे असतील तर ठेवा की. गोव्याचं सॉसेज तळून ठेवता येतं. कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, त्यामुळे कराडकडच्या लोकांना सुकट-बोंबील काही परके नाहीत. सुकटीची चटणी भाकरीवर काय लागते! फक्त वेगळ्या ताटलीत, वेगळ्या चमच्यासकट ठेवा. एकाच फळीवर ठेवलंत तर न खाणारे बिचारे बेदाण्यालाही हात लावणार नाहीत.

पण हे लिहिताना एक गोष्ट टोचते. मांस वाळवून ठेवायची रीत मराठी मुलखात होतीच. मराठवाड्यातल्या दलित घरांत मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवत, त्यांना चान्या म्हणत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकात त्या घरांच्या जेवणाबद्दल सविस्तर लिहिलंय. फ्रेंच नावाची वाळवलेल्या मांसाची चकती आपण दीड हजाराच्या फळीवर कौतुकाने उचलतो आणि त्याच कल्पनेच्या मराठी पदार्थाचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. पाहुण्यांसमोर कुणाचं साठवलेलं अन्न येतं आणि कुणाचं येत नाही, हेही त्या खोलीत कोण बसतं यावरच ठरत आलंय.

असो. आता माझ्याच म्हणण्यातली एक अडचण. फळीवरचं गार अन्न आपोआप तयार होत नाही. लोणचं घातलं कुणी, दही टांगलं कुणी, भाकरी भाजली कुणी? फराळाचं ताट आयतं दिसतं, पण त्याच्या आधीचे आठ दिवस घरातल्या बायका कढईसमोर असतात. म्हणजे फळी आणली तरी काम संपत नाही, ते फक्त आधी सरकतं. हे मला मान्य आहे. तरी दोन फरक पडतात. एक, आधी करायचं काम वाटून घेता येतं किंवा सरळ विकत घेता येतं. बेदाणा, पेढे, भडंग, आलेपाक यातलं काहीच घरी करावं लागत नाही. आणि दोन, उरतं ते काम म्हणजे डबे उघडणं, चिरणं आणि मांडणं. त्याला 'हाताला चव' लागत नाही. 'मला स्वयंपाक येत नाही' ही पुरुषमंडळींची पळवाट इथे बंद होते. आमच्याकडे फळी नवरा मांडतो आणि माझ्यापेक्षा बरी मांडतो, हे इथे नोंदवून ठेवते. ;-)

साताऱ्यात पहिल्यांदा हे करायचं ठरवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, गॅससुद्धा पेटवला नाही?" मी म्हटलं, "आई, फक्त अर्धा तास. मग तुम्हाला हवं ते करू." त्या अर्ध्या तासात त्या मामेसासूबाईंच्या शेजारी बसल्या. बोलता बोलता निघालं की लग्नाआधी त्या दोन वर्षं कोरेगावकडच्या एका शाळेत शिकवत होत्या, आणि गणिताला मुलं त्यांना घाबरायची. लग्न होऊन तीन वर्षं झाली, मी त्यांच्या हातचं सगळं खाल्लंय, पण ही गोष्ट ऐकायला त्यांनी खुर्चीत बसावं लागलं.

पोह्यांशी माझं काही वैर नाही. लांबून प्रवास करून भुकेने आलेल्या माणसाला गरमच हवं आणि ते द्यायलाच हवं. आजारी माणूस, लहान मूल, त्यांचंही वेगळं. शिवाय काही बायकांना करून घालण्यात खरंच आनंद असतो, त्यांच्या हातातला झारा काढून घेणारी मी कोण? माझी मागणी एवढीच आहे की पहिला अर्धा तास गॅस बंद ठेवा. मध्ये परात, भोवती सगळे, चहा थर्मासमध्ये. त्यानंतर कुणाला भजी हवीच असतील तर ज्याला हवीत त्याने उठावं, कांदा चिरावा आणि तेल तापवावं.