मुलांची दृष्टी आणि मैदानाचा हिशेब

शाळकरी मुलाला चष्मा लागला की आपल्याकडे दोष एक तर आईबापांच्या वंशावर टाकला जातो, नाही तर मुलाच्या हातातील मोबाइलवर. दोन्ही निदाने अर्धवट आहेत. शिवाय त्यांची सोय अशी की, त्यांतून शासन, नगरपालिका आणि शिक्षणसंस्था अलगद सुटतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ नेत्रवैद्यांवर सोपवून राजकीय कार्यकर्त्याला मोकळे होता येणार नाही.

लघुदृष्टी म्हणजे जवळचे स्वच्छ आणि लांबचे अंधूक दिसणे. वाढीच्या वयात नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबट झाला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. अंतर्गोल भिंगाचा चष्मा ती प्रतिमा जागेवर आणतो; परंतु लांबलेला नेत्रगोल पुन्हा आखूड होत नाही. दोष जितक्या लहान वयात सुरू होईल तितका नंबर अधिक वाढण्याची भीती असते, आणि नंबर फार वाढलेल्या माणसाला उत्तरायुष्यात दृष्टिपटल निसटणे, काचबिंदू यांसारख्या विकारांचा धोकाही अधिक असतो.

आनुवंशिकतेचा यात वाटा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण केवळ तिने उलगडा होत नाही. सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना लघुदृष्टी होती, सिडनीत अवघ्या ३.३ टक्क्यांना. वंश एकच, शिवाय सिडनीची मुले पुस्तके कमी नव्हे, अधिक वाचत होती. ठळक फरक होता तो उघड्या आकाशाखाली घालवलेल्या वेळेचा. सिडनीत आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास, तर सिंगापुरात सुमारे तीन! बाहेरचा उजेड घरातील उजेडाच्या अनेक पटींनी प्रखर असतो. त्यामुळे दृष्टिपटलात डोपामिन हे द्रव्य स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या वाढीला आवर घालते, असे प्राण्यांवरील प्रयोगांवरून मानले जाते.

यापुढची कसोटी चीनमधील ग्वांगझो येथे झाली. १२ प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास बाहेर देण्यात आला. तीन वर्षांनंतर, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नव्याने लघुदृष्टी आलेल्या मुलांचे प्रमाण या शाळांत ३०.४ टक्के, तर उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के भरले. तैवानने २०१० पासून रोज १२० मिनिटे बाहेर घालवण्याचा कार्यक्रम शाळांतून सुरू केला. तेथील प्राथमिक शाळांत अधू दृष्टीच्या मुलांचे प्रमाण २००१ ते २०११ या काळात सुमारे ३५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले होते. ते २०१५ पर्यंत ४६.१ टक्क्यांवर उतरले. घट मोठी नाही, पण वर्षानुवर्षांचा चढ उलटला हे महत्त्वाचे. मात्र दोष एकदा सुरू झाला की नुसत्या मैदानाचा उपयोग मर्यादित राहतो. त्यासाठी मैदान आधी हवे.

आपल्याकडे स्थिती काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील पाहणीत ५ ते १५ वयाच्या १३.१ टक्के विद्यार्थ्यांत लघुदृष्टी आढळली, आणि सरकारी शाळांपेक्षा खाजगी शाळांत प्रमाण अधिक होते. यावरून ‘हा सुखवस्तूंचा विकार’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. सुखवस्तू मुलाला महिन्याभरात चष्मा मिळतो. मजुराच्या मुलीला फळा दिसत नाही, हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ‘मठ्ठ’ ठरते आणि मागच्या बाकावरून शाळेबाहेर जाते. चीनच्या गान्सू व शान्सी प्रांतांतील ग्रामीण शाळांत मोफत चष्मे देऊन पाहिले असता मुलांचे गणिताचे गुण वाढल्याचे २०१४ साली दिसून आले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर, शिक्षणावरील इतक्या थोड्या खर्चात एवढे फळ क्वचितच पदरात पडते.

चष्म्याने नंबर वाढतो, किंवा कमी नंबरचा चष्मा दिल्याने तो रोखला जातो, हे समज निराधार आहेत. मलेशियातील २००२ सालच्या प्रयोगात कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांची लघुदृष्टी उलट अधिक वेगाने वाढली. गाजर, पालेभाज्या जरूर खाव्यात. जीवनसत्त्व ‘अ’ रातांधळेपणा टाळते, लघुदृष्टी नव्हे. नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे उपाय आज आहेत. अॅट्रोपिनचे अत्यल्प प्रमाणातील थेंब, विशिष्ट रचनेची भिंगे, रात्री घालावयाच्या कठीण कॉन्टॅक्ट लेन्स हे ते उपाय होत. पण ते नेत्रवैद्याच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे चालवावे लागतात, आणि तो खर्च सामान्य कुटुंबाला पेलणारा नाही. बाजार महागडे भिंग विकील. मैदान विकण्यात मात्र त्याला रस आहे तो केवळ बांधकामासाठी!

अभ्यासाचे काय, असे पालक विचारतात. मिरवणूक पाहताना पुढची रांग टाचा उंचावते, मग मागच्यांनाही उंचवाव्या लागतात. दिसते मात्र पूर्वीइतकेच. शिकवणीवर्गांची शर्यत अशीच आहे. एकट्या पालकाने त्यातून बाहेर पडावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून मैदानाचा तास वेळापत्रकातच हवा. तो सर्वांना सारखा मिळेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत मुलांची दृष्टी तपासण्याची तरतूद आहे. चष्म्यावरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला, हे ठीकच. पण शाळकरी मुलाच्या चष्म्यावर कर मुळात का असावा?

कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डात आणि गावात चार प्रश्न घेऊन शाळेत जावे. मैदान आहे काय, असल्यास त्यावर मुले रोज किती वेळ असतात? तपासणीचे पथक या वर्षी आले काय? दोष आढळलेल्या मुलांपैकी किती जणांच्या डोळ्यांवर प्रत्यक्ष चष्मा चढला? आणि मैदानासाठी राखलेल्या जागेवर सध्या काय उभे आहे? उत्तरे लेखी घ्यावीत, आणि पालकांच्या सभेत ती मोठ्याने वाचून दाखवावीत.