तयार आवाज नको, घडवलेला हवा

विद्यार्थी मित्रहो, इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा एखादा मित्र तुम्हाला असेल, तर त्याच्या पायाशी ठेवलेली चपटी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर काही बटणे असतात, एक लहानसा पडदा असतो आणि आत एक संगणक असतो. या पेटीला डिजिटल अँप मॉडेलर म्हणतात. जुने वजनदार अँप्लिफायर, त्यांचे स्पीकर आणि आवाजात प्रतिध्वनी वगैरेंची भर घालणारी निरनिराळी उपकरणे, या सर्वांचे काम ही एकटी पेटी गणिताने करते. अशी उपकरणे एकामागून एक जोडून केलेली मांडणी पेटीत साठवून ठेवता येते. तिला प्रीसेट असे नाव आहे. अनेक पेट्यांत शंभराहून अधिक प्रीसेट आधीच भरलेले असतात, आणि इंटरनेटवर तर त्यांचा सुकाळ आहे.

मग यांतला कोणता निवडावा? माझे मत असे की, आरंभी एकही निवडू नये. रिकाम्या जागेवर स्वतःचा एकच प्रीसेट घडवावा. तो चार-पाच उपकरणांचाच असावा, पण त्यातून स्वच्छ, खरखरीत आणि रेंगाळणारा असे निरनिराळे आवाज काढता यावेत. दुसऱ्याचा प्रीसेट आपल्या गिटारवर तसाच्या तसा का वाजत नाही, याचे कारण तुमच्या शाळेतल्या बीजगणितात आणि भौतिकीत आहे. ते समजून न घेता नुसती बटणे दाबत राहिलो, तर हाती आलेली छोटी प्रयोगशाळा आपण खेळण्यासारखी वापरतो.

प्रथम पेटी काय करते ते पाहू. गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. त्यात लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या तत्त्वानुसार त्यांत विद्युतदाब निर्माण होतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता दर सेकंदास सुमारे ८२ कंपने होतात, सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३०. दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या या संख्येला कंप्रता म्हणतात. विद्युतदाब त्याच कंप्रतेने वरखाली होतो. पेटी हा दाब सेकंदाला ४८,००० वेळा किंवा त्याच्या आसपास मोजते, मिळालेल्या संख्यांवर गणित करते आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा विद्युतदाबात रूपांतर करते. कॅलिफोर्नियातील लाइन ६ या कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या ‘पॉड’ या पेटीमुळे हे तंत्र घरोघरच्या वादकांपर्यंत पोहोचले.

या गणिताचा मोठा भाग खरे पाहता एका दोषाची हुबेहूब नक्कल करण्यात खर्च होतो. कोणताही अँप्लिफायर विद्युतदाब अमर्याद वाढवू शकत नाही. मर्यादा आली की तरंगाचे माथे सपाट कापले जातात आणि आवाज फाटतो. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ सालच्या एका अमेरिकन गीतात ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील बिघाडामुळे बास गिटारचा आवाज असाच फाटून भुणभुणता झाला होता. तो इतका आवडला की, तसाच आवाज मुद्दाम काढणारी ‘मेस्ट्रो फझ-टोन’ ही पेटी १९६२ मध्ये बाजारात आली.

माथे कापल्याने नेमके काय होते? समजा, तारेची कंप्रता ११० आहे. वरचे व खालचे माथे सारखेच कापले तर ११० च्या तिप्पट, पाचपट, सातपट, म्हणजे ३३०, ५५०, ७७० अशा कंप्रतांचे स्वर नव्याने मिसळतात. त्यांना आपण सोयीसाठी ‘पटस्वर’ म्हणू. आवाजाला धार येते ती यांच्यामुळे. आपल्याकडील तंबोऱ्याची जवारी हीसुद्धा पटस्वर खुलवण्याचीच कला आहे. तेथे तार कंप पावताना घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागाला पुनःपुन्हा स्पर्श करते. तंबोरा व वीणा यांच्या या वैशिष्ट्याविषयी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये लेख प्रसिद्ध केला होता. मिरजेचे कारागीर जवारी कानाने जुळवतात आणि गवई तारेखालचा दोरा किंचित सरकवून ती आपल्या आवाजाला योग्य करून घेतो. दुसऱ्याने लावलेली जवारी आहे तशी तो क्वचितच स्वीकारतो.

आता बीजगणिताकडे वळू. (अ + ब)² याचे उत्तर अ² + ब² नव्हे, त्यात २अब हे पद जादा येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आवाज फाडणारे उपकरणही असेच वागते. दोन स्वर एकत्र आत गेले की प्रत्येकाचे पटस्वर तर निर्माण होतातच, शिवाय दोघांच्या कंप्रतांची बेरीज व वजाबाकी असलेले नवे स्वरही निर्माण होतात. २अब या पदाचा हा ऐकू येणारा अवतार होय. षड्ज ११० व पंचम १६५ एकत्र छेडा. वजाबाकी ५५, बेरीज २७५. हे दोन्ही ५५ च्या पटीत असल्याने आवाज भरदार वाटतो. आता पंचमाऐवजी गिटारवरचा गांधार, सुमारे १३८.६, घ्या. वजाबाकी २८.६, बेरीज २४८.६. या संख्या मूळ स्वरांशी साध्या प्रमाणात बसत नाहीत, म्हणून आवाज गढूळ होतो. रॉक संगीतातील गिटारवादक फाटक्या आवाजात षड्ज-पंचमाची जोडी इतकी का वाजवतात, याचे एक मोठे कारण तुम्ही आता वहीत सिद्ध करू शकता.

याच तत्त्वामुळे दुसऱ्याचा प्रीसेट फसतो. माथे किती कापले जातील हे आत येणारा दाब किती आहे यावर ठरते. दोन गुंडाळ्यांचा पिकअप सामान्यतः एका गुंडाळीच्या पिकअपपेक्षा अधिक दाब देतो. कोणाचा हात जड असतो, कोणाचा हलका. तेव्हा प्रीसेट हे तयार उत्तर नसून समीकरण आहे, आणि तुमची गिटार व तुमचा हात या त्यातील चल राशी आहेत. त्या बदलल्या की उत्तर बदलणारच.

मग स्वतःचा प्रीसेट कसा घडवावा? पहिल्याने केवळ एक अँप्लिफायर व त्याचा स्पीकर एवढेच घ्या. मग स्पीकरची नक्कल क्षणभर बंद करून पाहा. आवाज बोचरा होईल. गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरील कंप्रता फारच क्षीण करतो, आणि ती गाळणीच निघून गेली, हे त्याचे कारण.

दुसरी पायरी महत्त्वाची. अँप्लिफायरची वाढ अशी ठेवा की जोरात छेडले तर आवाज फाटेल आणि हळू छेडले तर स्वच्छ राहील. समजा, मर्यादा १ आहे आणि जोराच्या छेडीने दाब २ पर्यंत जातो. माथे कापले जातील. आता गिटारवरचेच आवाजाचे बटण फिरवून दाब ०.८ वर आणा. काहीच कापले जाणार नाही. पेटीला हात न लावता दोन आवाज मिळाले! एकाच प्रीसेटला बहुगुणी करण्याचे रहस्य बव्हंशी एवढेच आहे.

तिसरी पायरी क्रमाची. प्रतिध्वनीचे उपकरण अँप्लिफायरच्या आधी लावून ऐका, मग नंतर लावून ऐका. आधी लावल्यास जुना स्वर व नवा स्वर यांची बेरीज होऊन ती फाडली जाते आणि २अब चा गोंधळ माजतो. नंतर लावल्यास आधीच फाटलेल्या स्वरांची केवळ बेरीज होते, आणि प्रतिध्वनी सुटासुटा ऐकू येतो. प्रतिध्वनीचा काळ भागाकाराने काढा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर ६०,००० मिलिसेकंदांना १२० ने भागून एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची येते, आणि पाऊण मात्रा ३७५ ची.

शेवटी दोन आवाजांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींची पातळी सारखी करा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला उगाचच अधिक चांगला वाटतो. आणखी एक गोष्ट. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की, हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू आवाजात बेतलेला प्रीसेट सभागृहात घुमू लागतो. ज्या पातळीवर वाजवायचे, त्याच पातळीवर तो तपासावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, वादकाला संगीत हवे, भौतिकी कशाला? तयार प्रीसेटने वेळ वाचतो. वेळ वाचतो हे खरे, आणि कार्यक्रम उद्यावर आला असेल तर तो जरूर वापरावा. पण सभागृहात आवाज बिघडला, तर ज्याने मांडणी घडवली त्यालाच कोणते बटण फिरवावे हे कळेल. दुसरा आक्षेप असा की, ही सारी नक्कलच, खऱ्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची सर तिला कोठून येणार? पण लंडनच्या जिम मार्शल यांचा १९६२ सालचा विख्यात अँप्लिफायरसुद्धा फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या अमेरिकन अँप्लिफायरच्या आराखड्यावरूनच तयार झाला होता. समजून घेऊन आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलून केलेली नक्कल ही शिकण्याची जुनी रीत आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. ध्वनीच्या धड्यात आपण नादकाटा दाखवतो, आणि ते योग्यच आहे. पण वर्गातील एखाद्या मुलाकडे अशी पेटी असेल, तर ती एक दिवस प्रयोगशाळेत आणू द्यावी. पेटी नसली तरी अडत नाही. ‘ऑडॅसिटी’ हे संगणकावर फुकट मिळणारे साधन ११० कंप्रतेचा शुद्ध स्वर निर्माण करते. त्याचे माथे कापून वर्णपट काढला की ३३०, ५५०, ७७० चे सुळके पडद्यावर उभे राहतात. संगीताच्या वर्गातील तंबोरा शेजारी ठेवून त्याच्या स्वराचाही वर्णपट काढावा. तुलना मुलांना करू द्यावी.

आणि मित्रहो, तुमच्यापाशी पेटी असेल तर आजच एक वही करा. एका वेळी एकच बटण फिरवा. काय ऐकू येईल याचा अंदाज आधी लिहा, मगच ऐका. अंदाज चुकला तर पुढचा प्रीसेट शोधू नका. तो का चुकला ते शोधा.