प्रमाणपत्र पेटीत, पोरगं गेटवर

दहावीचा निकाल लागला की हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांतले आपले आईबाप एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. ‘वकीलसाहेब, पोराला आयटीआयला घालावं का?’ हा प्रश्न काही कायद्याचा नाही. पण आपल्या माणसाला विचारायला दुसरी हक्काची जागा नसते. पूर्वी आम्ही डोळे झाकून ‘घाला’ म्हणत होतो. आता आम्हीच उलट विचारतो, ‘कोणत्या ट्रेडला? आणि शिकल्यावर काम कुठे?’

आम्हाला हे विचारायला शिकवले ते सेनगाव तालुक्यातल्या एका तरुणाने. आईबाप ऊसतोडीला जाणारे. पोराने वीजतंत्रीचा दोन वर्षांचा ट्रेड पास केला, मग पुण्याकडच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून वर्षभर राबला. पाळ्या भरल्या, कायम कामगाराइतकेच काम काढले. वर्ष सरताच हाती प्रमाणपत्र देऊन त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. दावा लावा म्हणून तो आमच्याकडे आला तेव्हा एका गोदामाच्या गेटवर पहारेकरी होता. संध्याकाळी गेटवरचा दिवा लावायचा, सकाळी विझवायचा. दोन वर्षे वीज शिकलेल्या पोराच्या वाट्याला विजेचे एवढेच काम आले!

कायदा काय सांगतो ते समाजबांधवांनी समजून घ्यावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ म्हणते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणून कामगार कायद्यांचे कवच त्याला नाही. कलम २२ पूर्वीही नोकरीची सरसकट हमी देत नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर शिकाऊंना घेण्याचे धोरण ज्याचे त्याने ठरवावे, असे झाले. १९९५ साली उत्तर प्रदेशच्या एस. टी. महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतर बाबी समान असतील तर शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. पण प्राधान्य मिळायला आधी भरती निघावी लागते. जिथे सगळी माणसे कंत्राटदाराकडून येतात तिथे प्राधान्य कशात मागणार? दावा टिकणार नाही, हे त्या पोराला सांगताना आमचीच मान खाली गेली.

याच कायद्यात आपल्या कामाची दोन शस्त्रे आहेत, ती मात्र म्यानातच गंजत आहेत. कलम ३-अ प्रमाणे शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा ठेवायच्या आहेत. आणि ३० किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. पण हिंगोलीत अशा आस्थापना आहेत किती? १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा पाव शतकानंतरही उद्योगांची वाट पाहतो आहे. ट्रेड इथे शिकायचा आणि काम पुण्यात, औरंगाबादेत शोधायचे. तिथे खोलीचे भाडे, खानावळ आणि आडनाव विचारणारा घरमालक या तिघांना पुरून उरेल तोच टिकतो.

सरकार म्हणते, प्रशिक्षणाची सांगड बाजाराच्या गरजेशी घालू. घाला ना! पण आजवर काय घातले ते पाहा. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात या योजनेतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात एक तर काहीच नव्हते किंवा निरुपयोगी नोंदी होत्या. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. आयटीआय झालेल्याला महिना ८,००० रुपये. आधी सहा महिने, मग आणखी पाच महिने. त्यानंतर काय, हे विचारायला ही पोरे रस्त्यावर उतरली. निवडणुकीपूर्वी ‘भाऊ’ म्हणून कौतुक झालेले तरुण निवडणुकीनंतर आंदोलक झाले!

आमचा मूळ प्रश्न असा की ‘बाजाराची गरज’ ठरवतो कोण? दूरच्या शहराला पहारेकरी, सफाई कामगार आणि सामान पोहोचवणारा हवा आहे, म्हणून आमच्या पोरांना तेवढेच शिकवायचे, याला आम्ही सांगड म्हणत नाही. गावगाड्याने जन्मावरून काम ठरवले होते, आता तेच काम प्रमाणपत्र देऊन गळ्यात मारले जात आहे. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलन’ मध्ये दाखवून दिले की उद्योग बदलतात तसा धंदा बदलण्याची मोकळीक जात माणसाला देत नाही, म्हणून देशातल्या बेकारीचे एक थेट कारण जातच आहे. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनातही त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी शास्त्र आणि तंत्राच्या उच्च शिक्षणाची सोय मागितली. हलके काम अधिक कौशल्याने करण्याची सोय त्यांनी मागितली नव्हती.

हिंगोलीत काम नाही, हेही पूर्ण खरे नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला हळद संशोधन केंद्र उभे राहत आहे. हळद शिजवण्यापासून पॉलिश, दळण, तपासणी, पॅकिंगपर्यंत प्रत्येक टप्प्यावर आता यंत्र आहे. ते चालवणारा, दुरुस्त करणारा आणि हळदीचा कस तपासणारा माणूस हवा आहे. आपल्या आयाबहिणी मात्र अजून काढणी आणि वेचणीच्या रोजावरच आहेत. औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेचा प्रकल्प आहे. २०२३ साली केंद्राने त्याला २,६०० कोटींची अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात निर्वात नळ्या. तिथे शास्त्रज्ञ लागतील तसे उत्तम संधाता, वीजतंत्री, वातानुकूलन कारागीरही लागतील. ते कुठून येणार? आपल्या पोरांना आज शिकवले नाही तर ते बाहेरून येतील आणि औंढ्याच्या पोराला पुन्हा गेटच मिळेल, या वेळी विज्ञानाचे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ट्रेड मंजूर करण्याआधी जिल्ह्यातले काम मोजा. प्रत्येक आयटीआयने मागच्या तुकडीतले किती जण शिकलेल्याच कामावर लागले आणि किती पगारावर, ते प्रवेशाच्या वेळी फलकावर लावावे. लायगोच्या कंत्राटांत स्थानिक शिकाऊ उमेदवारांची अट घाला, कलम ३-अ सह. जिल्हा वार्षिक योजनेतल्या अनुसूचित जाती घटकाच्या निधीतून शिकून निघालेल्याला हत्यारांची पेटी आणि परजिल्ह्यात पहिले सहा महिने राहण्याचा खर्च द्या.

दोन शब्द आपल्या माणसांनाही. हाताच्या कामाचा आपल्याला तिटकारा आहे, आणि तो उगीच आलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते काम आपल्यावर लादले गेले. पण लादलेले काम आणि निवडलेले कसब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्पर्धा परीक्षेच्या आशेवर पस्तिशी गाठलेली पोरे आम्ही रोज पाहतो. पोटापुरते कसब हाती असते तर त्यांनी अभ्यासही ताठ मानेने केला असता. विहारात पूर्णिमेला जमतो तेव्हा तासभर हाही विषय घ्या. कोणत्या संस्थेत कार्यशाळा चालते आणि कोणत्या संस्थेत नुसता फलक आहे, ते माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज लिहून द्यायला आम्ही बसलो आहोत, फी लागणार नाही.

तो सेनगावचा तरुण अजून गेटवरच आहे. त्याचे प्रमाणपत्र घरी पत्र्याच्या पेटीत आहे. बाबासाहेबांनी शिका म्हटले, तो शिकला. पुढचे दोन शब्द त्याने एकट्याने पाळायचे नव्हते, ते आपल्या सगळ्यांसाठी होते. जयभीम!